जुनी सीबीआर २५०आर: घरच्या घरी देखभाल आणि बिघाडाचा शोध

होंडाची सीबीआर २५०आर ही मोटरसायकल भारतात २०११ साली आली आणि २०२० मध्ये बीएस-६ लागू झाल्यावर बंद झाली. म्हणजे आज हाती येणारी प्रत्येक गाडी चांगलीच वापरलेली असते. एक सिलिंडर, २४९ सीसी, पाण्यावर थंड होणारं इंजिन आणि फ्युएल इंजेक्शन. इंजिन दणकट आहे, पण ही फेअरिंगची, म्हणजे प्लास्टिकच्या पॅनेलांनी झाकलेली गाडी आहे. जे बिघडतं ते प्लास्टिकच्या आड बिघडतं, आणि फेअरिंग उघडायचा कंटाळा केल्यामुळे वर्षानुवर्षं तसंच राहतं. त्यात आधीच्या मालकाने काय केलं, काय टाळलं, याचा भरवशाचा हिशोब सहसा मिळत नाही. म्हणून गाडी घेतल्यावर ‘काही बिघडलं तर बघू’ असं न म्हणता आधी सगळं एकदा तपासून आपला हिशोब शून्यापासून सुरू करावा. आणि बिघाड आलाच तर आधी मोजावं, मग पार्ट आणावा. अंदाजाने पार्ट बदलत गेलात तर पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो.

या गाडीला मधला स्टँड नाही, त्यामुळे मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड हवाच. त्याशिवाय सॉकेट पान्यांचा आणि अ‍ॅलन कींचा संच, टॉर्क पाना, साधा मल्टिमीटर आणि बारीक फटी मोजायच्या पट्ट्यांचं फीलर गेज एवढं घ्या. टॉर्क पान्यावर पैसे वाचवू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये पोलादी बोल्ट जरा जास्त आवळला की आटे जातात, आणि ती दुरुस्ती पान्याच्या किमतीपेक्षा महाग पडते.

फेअरिंग उघडताना प्रत्येक स्क्रू कुठला होता याचा फोटो काढा. काही स्क्रू लांब, काही आखूड असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतल्या भागाला टेकतो. प्लास्टिकच्या पुश-क्लिपची मधली खीळ आत दाबली की क्लिप सुटते, ओढून काढली तर तुटते. पॅनेल हिसकू नका. खाचेत बसणाऱ्या जिभा फार नाजूक असतात, आणि मूळ फेअरिंग आता सहज मिळत नाही.

पहिला आठवडा: सगळे द्रव बदला

इंजिन ऑइल १०डब्ल्यू-३०, जासो एमए (ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचसाठीच्या) दर्जाचं. क्लच ऑइलमध्येच भिजलेला असतो, म्हणून कारचं ऑइल चालत नाही, त्याने क्लच घसरतो. नुसतं ऑइल बदललं तर १.४ लिटर, फिल्टरसह बदललं तर १.५ लिटर लागतं. इंजिन चार-पाच मिनिटं गरम करा, खालचा बोल्ट काढा, ऑइल पूर्ण निथळू द्या. बोल्टखालचा वॉशर दर वेळी नवा घाला आणि बोल्ट २४ न्यूटन-मीटरला आवळा.

फिल्टर कागदी आहे आणि उजव्या बाजूच्या झाकणाखाली बसतो. इथे एक चूक वारंवार होते, तेव्हा नीट पाहा. आधी स्प्रिंग जाते, ती इंजिनच्या बाजूला. मग फिल्टर, त्याचं रबरी तोंड आपल्याकडे. नव्या फिल्टरवर ‘आउटसाइड’ असं छापलेलं असतं, ती बाजू बाहेर दिसली पाहिजे. फिल्टर उलटा बसला तरी झाकण लागतं आणि गाडीही सुरू होते, पण ऑइलचा प्रवाह बिघडतो आणि वरच्या भागाला ते नीट पोहोचत नाही. जुना फिल्टर काढतानाच तो कसा बसला होता ते पाहून घ्या. उलटा निघाला तर ही गाडी कुणाच्या हातातून गेली आहे हे कळतं. झाकणाची ओ-रिंगही नवी घाला. दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदललेलं बरं, विशेषतः रोज ट्रॅफिकमध्ये चालवत असाल तर.

कूलंट निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी, किंवा तयार मिळतं ते. नळाचं पाणी अजिबात नको, त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरमध्ये बसतो. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. कूलंट भरल्यावर झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, थ्रॉटलला दोन-चार हलके झटके द्या, बुडबुडे येणं थांबेपर्यंत वरून भरत राहा. आत हवा राहिली तर मीटरवरचं तापमान कारण नसताना वर-खाली होतं.

ब्रेक फ्लुइड डॉट ४. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलावं. रंग चहासारखा झाला असेल तर वेळ कधीच उलटून गेली आहे. फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलला जातो.

एअर फिल्टर तेल लावलेल्या कागदाचा आहे. तो हवा मारून साफ करायचा नसतो. हवेच्या दाबाने तेलाचा थर जातो आणि धूळ आरपार जायला लागते. काळा पडला की सरळ बदला. प्लग एनजीकेचा, एसआयएमआर८ए९. गॅप ०.८ ते ०.९ मिलिमीटर. हा इरिडियमचा प्लग आहे, टोक ठोकून गॅप जुळवायला जाऊ नका. मापात नसेल तर नवा घ्या.

चेन

चेन ५२० मापाची, पुढे १४ आणि मागे ३८ दातांचं स्प्रॉकेट. गाडी साइड स्टँडवर, न्यूट्रलमध्ये उभी करून खालच्या चेनच्या मध्यभागी वर-खाली हालचाल मोजा. ती २० ते ३० मिलिमीटर असावी. ५० च्या पुढे गेली असेल तर गाडी चालवू नका. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका, चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी घट्ट आणि दुसरीकडे सैल लागत असेल तर चेन असमान ताणली गेली आहे. अशी चेन कितीही जुळवली तरी बरोबर बसत नाही, स्प्रॉकेटसह पूर्ण संचच बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर ती लवकर खराब होते.

जुळवताना सर्वात घट्ट जागी माप धरा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा आणि मागच्या एक्सलचं नट ८८ न्यूटन-मीटरला आवळा. चेन रॉकेलने किंवा चेन क्लीनरने, मऊ ब्रशने धुवा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही टाळा, त्याने आतल्या रबरी ओ-रिंग मरतात आणि कडीच्या आत भरलेलं ग्रीस निघून जातं. वंगण राइड संपवून घरी आल्यावर लावा. चेन गरम असते, वंगण आत शिरतं आणि रात्रभर बसतं.

गाडी सुरूच होत नाही

किल स्विच, साइड स्टँड आणि गिअर हे तिन्ही आधी पाहा. साइड स्टँडचा स्विच पावसाळ्यात चिखलाने अडकतो. स्टँड वर असतानाही गिअर टाकताच इंजिन बंद पडत असेल तर दोष बहुतेक तिथेच. गाडी आडवी पडली असेल तर कलण्याचा सेन्सर इंजिन बंद करतो. गाडी उभी करा, चावी बंद करून पुन्हा चालू करा, मग स्टार्ट करा.

स्टार्टर फिरतच नसेल तर मल्टिमीटर बॅटरीला लावा. चावी बंद असताना १२.४ ते १२.८ व्होल्ट दिसायला हवं. स्टार्टर दाबल्यावर ते दहाच्या खाली कोसळलं तर बॅटरी गेली, किंवा टर्मिनल सैल किंवा गंजलेली आहेत. व्होल्टेज ठीक आणि नुसता ‘टक’ आवाज येत असेल तर रिले आणि जाड वायरींचे जोड तपासा.

स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी चावी लावून कान द्या. टाकीतला फ्युएल पंप सुमारे दोन सेकंद गुणगुणला पाहिजे. आवाज नसेल तर फ्यूज, मग पंपाचा कनेक्टर. आवाज असेल तर पेट्रोल आणि प्लगकडे वळा. पंपाचा दाब २९४ किलोपास्कल, म्हणजे सुमारे ४३ पीएसआय असावा. कमी वेगात ठीक, पण सात हजार आरपीएमच्या वर दम तोडते, अशी तक्रार असेल तर दाब मोजून घ्या.

फ्युएल इंजेक्शनचा पिवळा दिवा लागला असेल तर मेकॅनिककडे पळायची गरज नाही, दिवा स्वतःच बोलतो. साइड स्टँड खाली ठेवून चावी लावा, इंजिन सुरू करू नका, आणि लुकलुक मोजा. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. १ म्हणजे हवेच्या दाबाचा सेन्सर, ७ कूलंटच्या तापमानाचा, ८ थ्रॉटलचा, ९ आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा, १२ इंजेक्टर, २१ ऑक्सिजन सेन्सर, २९ आयडल एअर व्हॉल्व्ह, ५४ कलण्याचा सेन्सर. कोड आला म्हणून तो सेन्सर लगेच विकत आणू नका. बहुतेक वेळा कनेक्टरमध्ये पाणी, हिरवा गंज किंवा सैल पिन असते. उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, घट्ट लावा आणि पुन्हा पाहा.

आयडल १४०० आरपीएमच्या आसपास, शंभर इकडे-तिकडे. ते वर-खाली होत असेल किंवा सिग्नलला गाडी बंद पडत असेल तर बहुधा थ्रॉटल बॉडीत काजळी बसलेली असते. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन पुसा. बटरफ्लायला, म्हणजे आतल्या फिरत्या झडपेला, स्क्रू ड्रायव्हरने जोर देऊ नका.

बॅटरी सारखी उतरते

दोन बॅटऱ्या बदलून झाल्या तरी तक्रार कायम, हे नेहमीचं चित्र आहे. इंजिन सुरू करून पाच हजार आरपीएमवर बॅटरीचं व्होल्टेज मोजा. साडेतेरा ते चौदा-साडेचौदा योग्य. पंधराच्या पुढे गेलं तर रेक्टिफायर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला. तेराच्या खालीच राहिलं तर स्टेटरकडे, म्हणजे इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलकडे जा. रेक्टिफायरचा कनेक्टर सोडवा. तो तपकिरी होऊन वितळलेला दिसला तर दोषाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. स्टेटरकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरींच्या प्रत्येक जोडीत रोध एक ओहमच्या आत आणि सारखाच यायला हवा. कोणतीही पिवळी वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात जोड दाखवला तर स्टेटर जळला आहे. इंजिन चालू ठेवून तिन्ही जोड्यांचा एसी व्होल्टेज मोजा, तो सारखा आणि आरपीएमबरोबर वाढणारा हवा.

चार्जिंग ठीक असूनही रात्रीत बॅटरी उतरत असेल तर जास्तीच्या वायरी शोधा. टूरिंगसाठी वापरलेल्या जुन्या गाड्यांत फॉग लाइट, मोबाइल चार्जर, अलार्म, सगळं मूळ वायरी कापून, टेप गुंडाळून जोडलेलं असतं. ते सगळं काढून टाका. पुन्हा लावायचं असेल तर बॅटरीपासून वेगळा फ्यूज आणि रिले घालूनच लावा.

गरम होते

वेगात तापमान ठीक, ट्रॅफिकमध्ये चढतं, म्हणजे पंख्याचा संशय. फ्यूज पाहा, पंखा हाताने फिरतो का पाहा, मग त्याला थेट बारा व्होल्ट देऊन बघा. थेट दिल्यावर फिरला तर दोष वायरिंग, रिले किंवा सेन्सरकडे. वेगातही गरम होत असेल तर कूलंटची पातळी, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल आणि थर्मोस्टॅट पाहा. वॉटर पंपाखाली छोटं छिद्र असतं. त्यातून कूलंट ठिबकत असेल तर पंपाचं सील गेलं, आणि ते छिद्र बुजवणं हा उपाय नाही.

पाऊस आणि पेट्रोल

टाकीच्या झाकणाभोवतीच्या खळग्यात एक बारीक छिद्र असतं, पावसाचं पाणी तिथून नळीने खाली जातं. ते धुळीने बुजलं की पाणी झाकणाच्या कडेला साचतं आणि झाकण उघडताच टाकीत उतरतं. पावसाळ्यापूर्वी मऊ नायलॉनच्या दोऱ्याने ते मोकळं करा, थोडं पाणी टाका आणि नळीतून ते खाली येतं का पाहा. आताच्या इथेनॉल मिश्रित पेट्रोलमुळे हे अधिक महत्त्वाचं झालं आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाण्याचं प्रमाण वाढलं की पाण्यासकट तळाला बसतं, जिथे पंप असतो. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही आणि गंज कमी धरतो.

पुढचं चाक, कोनसेट आणि मागची लिंक

पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवा. सरळ स्थितीत कडक खाच लागली तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, गेला. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकलल्यावर ‘खट्’ होत असेल तर तो सैल आहे. आपल्या खड्ड्यांत हे लवकर होतं, आणि खाच पडलेला कोनसेट आवळून बरा होत नाही, बदलावाच लागतो. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला तर आधी सिलखालची माती पातळ प्लास्टिकच्या पट्टीने काढून पाहा. कधी कधी तेवढ्यानेच गळती थांबते.

कॅलिपर सरकतो त्या पिना काढा, पुसा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. एक पॅड संपलेला आणि दुसरा जाड, असं दिसलं तर पिना अडकल्या आहेत. पिस्टन मागे ढकलण्याआधी ते साफ करा, नाहीतर माती सिलात जाते. सी-एबीएस (पुढचे-मागचे ब्रेक जोडलेलं एबीएस) असलेल्या गाडीत मागचा पेडल पुढच्या कॅलिपरच्या मधल्या पिस्टनवरही काम करतो. पॅड बदलणं घरी होतं, पण त्या प्रणालीत हवा शिरली तर ती काढणं अवघड आहे. ते काम माहितगाराकडेच द्या.

टायर पुढे ११०/७०-१७, मागे १४०/७०-१७. एकट्याने चालवताना दोन्हीत २९ पीएसआय, थंड टायरला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी खोल दिसत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर कडक झालेला असतो आणि ओल्या घाटात पकड सोडतो.

मागे मोनोशॉकखाली लिंक आहे, तिच्या बेअरिंगांकडे सहसा कुणी पाहत नाही. पावसाळ्यातला चिखल तिथे थेट मागच्या चाकावरून उडतो, ग्रीस धुतलं जातं आणि सुयांची बेअरिंग गंजतात. मागून कुरकुर येत असेल किंवा सस्पेन्शन अकारण कडक वाटत असेल तर शॉक बदलायच्या आधी लिंक उघडा, पिना साफ करा आणि जलरोधक ग्रीस भरा.

व्हॉल्व्ह

वरच्या भागात टकटक वाढली, किंवा थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देऊ लागलं, तर क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट, मोजा. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. इनलेट ०.१६ आणि एक्झॉस्ट ०.२७ मिलिमीटर, दोन्हींत ०.०३ ची सूट. डाव्या बाजूने क्रँक घड्याळाच्या उलट दिशेला फिरवून ‘टी’ची खूण जुळवा, आणि चारही व्हॉल्व्ह सैल आहेत याची खात्री करा. रॉकर मोकळे वाटत नसतील तर क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा. या इंजिनात रॉकर बाजूला सरकवून शिम (फट ठरवणारी छोटी चकती) बदलता येते, कॅमशाफ्ट काढावा लागत नाही. शिम उचलताना खाली कॅम चेनच्या पोकळीत पडू नये म्हणून तिथे स्वच्छ कापड कोंबा. जुन्या शिमची जाडी मायक्रोमीटरने मोजा, सापडलेला फरक मिळवा किंवा वजा करा, आणि तेवढ्याच मापाची नवी शिम मागवा. टकटकीपेक्षा घट्ट व्हॉल्व्ह धोकादायक असतो. तो आवाज करत नाही, पण नीट बंद न झाल्याने जळतो.