गळा आपला, पट्टी दुसऱ्याची : गाण्यात करिअर करायचंय तर या चुका टाळा

गणपती झाले की आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातली दोन-चार पोरं तरी येतातच माझ्याकडं, सर आवाज बसलाय, नवरात्राचा कार्यक्रम हाय, काहीतरी सांगा. मी पहिला प्रश्न एकच विचारतो, कुठल्या पट्टीत गायलास, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरलास? बहुतेकांना ते माहीतच नसतंय. कराओकेचा ट्रॅक जिथं होता तिथं गायलो म्हणतात.

माझ्या मते गाण्यातलं करिअर सगळ्यात जास्त इथंच मोडतंय. मेहनत सगळेच करतात हो, रात्र रात्र जागून करतात, पण आपल्या गळ्याचं माप न घेता केलेली मेहनत गळ्यालाच खाते. हे मी अनुभवानं सांगतोय. बावीस-तेवीसचा असताना मी ऑर्केस्ट्रात गायचो, खानापूर, निपाणी, चिकोडी, गणपतीत रोज रात्री एक गाव. गळा काळी एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरणारा, आणि गाणी त्याच्या वर पांढरी तीन-चारला, ओरिजिनल पट्टीतच पाहिजे असा हट्ट, आणि तो हट्ट माझा पण होता. विसर्जनापर्यंत बोलताना सुद्धा खरखर सुरू झाली. तरी जेष्ठमध चघळत, मेंथॉलच्या गोळ्या खात आणखी तीन आठवडे रेटलं. गोळीनं घसा थंड वाटतो, दुखणं कळत नाही आणि आपण आणखी जोरात गातो, एवढंच होतंय तिच्यानं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून दाखवलं, स्वरतंतूंवर समोरासमोर दोन बारीक गाठी. ऑपरेशन लागलं नाही, पण तीन महिने गाणं बंद आणि बोलणं मोजून. घरी हार्मोनियमला हात लावायची पण हिंमत व्हायची नाही माझी.

म्हणून पट्टी आधी काढून घ्या. झोपेतून उठल्या उठल्या नको, दिवसा थोडं गुणगुणून झाल्यावर हार्मोनियम घेऊन बसा. खाली मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, ऐकू येईल असा लागला पाहिजे आणि वर तार गंधार-मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग-म पर्यंत, मान न ताणता जाता आलं पाहिजे, जिथून हे दोन्ही जमतंय तो तुमचा सा. पुरुषांचा साधारण काळी एक-दोनच्या आसपास, बायकांचा काळी चार-पाचच्या आसपास येतो, पण आपला आपण तपासायचा. कराओके ट्रॅकची पट्टी आता मोबाईलवर सुद्धा खाली-वर करता येते, दोन-तीन पायऱ्या खाली घेतल्यानं गाण्याचा काही अपमान होत नाही. ड्युएटमध्ये तर बाईनं पुरुषाच्या सोयीच्या पट्टीत गळा फाडायचा हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता स्टेजखालूनच जीव कळवळतो.

आवाज आधीच बसला असेल तर कुजबुजत बोलू नका, कुजबुजण्यानं पण स्वरतंतूंवर ताण येतो, हळू पण साध्या आवाजात बोला. सारखं खाकरू नका, त्यापेक्षा घोटभर पाणी प्या. सप्ताहातलं जागराचं भजन संपवून रात्री दीडला झणझणीत जेवून लगेच आडवं होणारे पण लई आहेत, सकाळी घशात जळजळ आणि आवाज जड, ते ॲसिडिटीचं असू शकतंय, आणि आपण दोष देतो बेळगावच्या थंडीला. आणि दोन-तीन आठवडे झाले तरी घोगरा आवाज सुटत नसेल तर घरगुती उपाय बंद करून सरळ डॉक्टर.

रियाज किती तास, हे पण सगळे विचारतात. नवीन माणसानं एका दमात चार तास बसण्यापेक्षा चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन बैठका कराव्यात, सकाळी खर्जाचे म्हणजे खालच्या सप्तकातले लांब स्वर, संध्याकाळी पलटे म्हणजे सुरांच्या उलटसुलट ओळी आणि रागातली बंदिश, आणि आठवड्यातून दोनदा स्वतःचं रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकावं, त्याच दिवशी ऐकलं तर कान आपलीच बाजू घेतो. मोबाईलच्या ॲपवरचा तानपुरा लावत असाल तर हेडफोन नाहीतर बरा स्पीकर जोडा, फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालच्या खर्जाच्या तारेचा नाद नीट येतच नाही. आणि जमेल तेव्हा मिरजेला जाऊन खरा तंबोरा जुळवताना एकदा ऐका, तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन मिळालंय आणि आपल्याकडून रेल्वेनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतंय.

तेरा-चौदाच्या पोराचा आवाज फुटला की आईबाप क्लासच बंद करतात. बंद नका करू, वरचे सूर काही महिने सोडा, ताल, सरगम, ऐकणं चालू ठेवा.

नक्कल ही दुसरी मोठी चूक. भजन स्पर्धेत वीस वर्षांचं पोरगं भीमसेन जोशींसारखा आवाज काढायला घसा दाबून गातंय, त्याचा स्वतःचा छान मोकळा आवाज त्याच्या खाली गाडला जातोय. अरे, आपल्याच सुळेभावीत १९२४ ला जन्मलेले शास्त्रीय गायक कुमार गंधर्व बघा. क्षयानं एक फुफ्फुस गेलं, मध्य प्रदेशातल्या देवासला कित्येक वर्षं अंथरुणावर होते, आणि उठल्यावर हाताशी होता तेवढ्या श्वासात बसणारं गाणं त्यांनी उभं केलं. किराणा घराण्याच्या गायिका गंगूबाई हनगल हुबळीहून जवळच्या कुंदगोळला रेल्वेनं जाऊन गुरू सवाई गंधर्वांकडं शिकल्या, घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज जाडा झाला, तर त्याच आवाजात आयुष्यभर गायल्या. ही माणसं आपल्या जवळची आहेत, मुंबईच्या रिॲलिटी शोकडं बघण्याआधी यांना ऐका.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. इथं मराठी अभंग आणि कन्नड वचनं (बसवण्णांसारख्या शरणांची), दासरपदं (पुरंदरदासांसारख्या हरिदासांची भक्तिगीतं) दोन्ही गायला मिळतात, ही श्रीमंतीच की. पण आपली पोरं कन्नड शब्द देवनागरीत लिहून घेतात आणि तिथंच फसतात. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व पण असतात, मराठीत तो फरक नाही. 'कोडु'तला ओ आखूड म्हटला तर 'दे', लांबवला तर 'शिंग', देवाकडं दान मागताना भलतंच होतंय. उलट कन्नड शाळेत शिकलेली पोरं 'चांदणं'मधला च 'चंद्र'सारखा म्हणतात. शब्द त्या भाषेच्या माणसासमोर आधी बोलून दाखवा, मग सुरात घाला.

परीक्षांचं थोडक्यात सांगतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही संगीताची परीक्षा जरूर करा, शिकवण्या करायला उपयोगी पडतंय, पण प्रमाणपत्र आलं म्हणजे मैफल जमली असं नाही. धारवाड आकाशवाणीची ऑडिशन द्या, नापास झालात तर परत द्या.

पैशाचं मात्र लाजू नका. मानधन, गाडीभाडं, साउंड कोणाचा, किती गाणी, हे तारीख देतानाच मेसेजवर लिहून घ्या. नात्यातला कार्यक्रम म्हणून तोंडी ठरवलेलं मला तरी कधी पुरतं मिळालेलं नाही. घर चालायला महिन्याचं ठरलेलं काहीतरी हवं, शिकवण्या असोत नाहीतर नोकरी, मग नको त्या कार्यक्रमाला नाही म्हणता येतंय. यंदा गणपतीच्या तारखा घ्यायला बसाल तेव्हा कॅलेंडरवर दर दोन रात्रींनंतर एक रात्र आधीच लाल पेनानं भरून टाका, आणि त्या रात्रीसाठी कोणीही फोन केला तरी बुक आहे म्हणून सांगा.