पॉज दाबा आणि विचारा, याला आत्ता काय वाटत असेल?

मुलीच्या व्हिडिओ गेमवरून आमच्याकडे रोज कटकट व्हायची, मग एक दिवस ठरवलं की हिसकावून घेण्यापेक्षा शेजारीच बसूया, आणि तेव्हापासून खेळता खेळता गेममधल्या पात्रांच्या भावना ओळखायचं हे असं चालू आहे.

गेम दोघांनी मिळून खेळायचा घ्या. आम्ही 'नेव्हर अलोन' घेतला, 2014 चा आहे, अलास्कातल्या इन्युपियात या मूळ रहिवाशांच्या गोष्टीवर, त्यांनाच सोबत घेऊन बनवलेला. एकाने नूना नावाची मुलगी व्हायचं, दुसऱ्याने पांढरा कोल्हा, आणि एक जरी मेला तरी दोघांनाही थोडं मागे जाऊन पुन्हा सुरू करावं लागतं, त्यामुळे दुसऱ्याकडे लक्ष द्यावंच लागतं. (मधे कोल्ह्याचा जीव जातो, लहानग्यांना आधी सांगून ठेवा. माझी लेक खूप रडली. मी गेम बंद नाही केला, जवळ घेऊन बसले.)

आता मुख्य काम. तासाभरात दोनतीनदाच पॉज करा, जास्त केलं की परीक्षा वाटते. विचारा, काय वाटत असेल, आणि कशावरून कळलं? आमच्याकडे सुरुवातीला उत्तरं दोनच, सॅड नाहीतर अँग्री. तिथे आपले शब्द द्या ना! हिरमुसली, खट्टू झाली, रुसली, भेदरली, कावरीबावरी झाली, ओशाळली. प्रत्येकाचा चेहरा वेगळा असतो, तो करून दाखवा, मुलांना जाम आवडतं.

मग विचारा, किती? थोडं की खूप? हे मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या 'क्रिस्टल्स ऑफ केडॉर' या गेमवरून घेतलं, त्यात परग्रहावर अडकलेल्या रोबोला तिथल्यांची भाषा येत नाही, म्हणून चेहरा बघून भावना कुठली आणि किती तीव्र ते ओळखायचं असतं. 2018 मध्ये त्याचा अभ्यास छापून आला, दुसऱ्याच्या भावना समजण्यात फरक पडतो का ते बघायला शाळकरी मुलांना दोन आठवडे खेळवून मेंदूचे स्कॅन काढले होते. फरक सगळ्यांत सारखा नाही दिसला, म्हणून नुसता गेम हातात देऊन भागेल असं मला तरी वाटत नाही.

उत्तर चुकलं तर लगेच सुधारू नका, "मला तर ती घाबरलेली वाटली बाई" एवढंच म्हणा.

आणि हरल्यावर पोरगं कंट्रोलर आपटतं ना, तेव्हा ओरडू नका, पाणी द्या, शांत झालं की विचारा, आत्ता राग आला होता की ओशाळल्यासारखं झालं होतं? माझ्या लेकीने यावर बराच विचार केला आणि म्हणाली, "आधी दुसरं, मग पहिलं."