व्यायलेल्या राणीची बेचैनी

सोलापूरचा मे महिना, त्यात पत्र्याचं घर. व्यायल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आमची कुत्री राणी पिल्लांना पाजायचं सोडून येरझाऱ्या घालायला लागली, सारखी धापा टाकत. सगळे म्हणाले, उन्हाळा आहे. पण कूलरसमोरही धाप थांबेना, मागचे पाय ताठ होऊन थरथरायला लागले, तेव्हा तिला तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

दुधावाटे जाऊन रक्तातलं कॅल्शियम घसरलं होतं. लहान चणीच्या, जास्त पिल्लांच्या आईला हे जास्त होतं आणि उशीर जिवावर बेततो. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून शिरेतून कॅल्शियम अगदी सावकाश सोडलं. घाई केली तर हृदयाला धोका. थरथर तिथंच थांबली, बिचारी डोळे मिटून पडली. दिवसभर पिल्लांना बाटलीनं त्यांच्यासाठीची दूध पावडर पाजली.

आणि कुत्री गाभण असताना मनानं कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नका, त्यानं व्यायल्यावर कॅल्शियम घसरण्याचा धोका उलट वाढतो.