नव्या भागावर वाचकांत दोन तट पडतात तेव्हा: रहस्यमालिकेचे अभिप्राय कसे वाचावेत, कसे लिहावेत

गुप्तहेराच्या मालिकेचा नवा भाग आला की आठवडाभरात वाचकांत दोन तट पडतात. कुणाला तो मालिकेतला सर्वांत सरस भाग वाटतो, तर कुणी निम्म्यावर पुस्तक मिटून ठेवलेलं असतं. हा भाग घ्यावा की नाही हे ठरवताना बहुतेक जण सरासरी गुण बघतात आणि तिथेच फसतात. दहांपैकी पाच जणांनी पाच तारे दिले आणि पाच जणांनी दोन, तर सरासरी साडेतीन येते. पाच जणांनी चार आणि पाच जणांनी तीन दिले, तरी साडेतीनच येते. दुसरं पुस्तक बहुतेकांना ठीक वाटेल असं आहे. पहिलं मात्र तुम्हाला एकतर मनापासून आवडेल, नाहीतर वैताग आणेल. म्हणून आधी तारे कसे विभागले गेलेत ते बघा. टोकाचे पट्टे लांब आणि मधले आखूड दिसले, तर अभिप्राय नीट वाचायला हवेत.

वाचायचे कसे, तर ओळखून. रहस्यमालिकेचा वाचक साधारण तीन गोष्टींपैकी एकीसाठी येतो. कुणाला कोडं हवं असतं: धागे समोर मांडलेले असावेत आणि उकल त्या धाग्यांतूनच यावी. कुणाला गुप्तहेर हवा असतो: त्याचं बोलणं, त्याचा सहकारी, त्याची जुनी दुखणी. कुणाला थरार हवा असतो: पाठलाग, धोका, पुढचं प्रकरण उघडायला लावणारा शेवट. एकाच पुस्तकात तिन्हींचं प्रमाण सारखं राहत नाही. लेखकाने नव्या भागात एकाचं पारडं जड केलं की बाकीच्या दोघांचा वाटा कमी होतो आणि त्यांच्यासाठी आलेले वाचक नाराज होतात. म्हणजे मतभेद बहुतेक वेळा पुस्तकाच्या दर्जाबद्दल नसतो. वाचक काय शोधत आला होता, त्याबद्दल असतो.

वीस-पंचवीस अभिप्राय पुरेसे आहेत. सुरुवात तीन ताऱ्यांपासून करा, कारण काय जमलं आणि काय बिघडलं हे दोन्ही सांगणारे लोक तिथेच जास्त सापडतात. मग चार आणि दोन ताऱ्यांचे, आणि पाच व एक ताऱ्यांचे सर्वांत शेवटी. प्रकाशनानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांचे अभिप्राय बाजूला ठेवा. त्या दिवसांत लिहिणारे बहुतेक मालिकेचे निष्ठावंत असतात किंवा त्यांना प्रत आधी मिळालेली असते. शिवाय पार्सल उशिरा आलं, बांधणी सुटली, किंमत जास्त आहे, अशा तक्रारींचे एक-दोन तारेही याच काळात पडतात. त्यांचा कथेशी संबंध नाही. अनुवाद खडबडीत आहे किंवा ऑडिओबुकचा आवाज पात्राला शोभत नाही, या तक्रारी खऱ्या असतात, पण त्या त्या आवृत्तीपुरत्याच धराव्यात.

वहीत चार रकाने आखा: वाचकाने आधीचे किती भाग वाचलेत, तो तिघांपैकी कशासाठी आलाय, तक्रार किंवा कौतुक पुस्तकाच्या कोणत्या भागाबद्दल आहे (सुरुवात, मध्य, शेवट), आणि पुस्तक पूर्ण केलं का. ज्या अभिप्रायातून एकही रकाना भरता येत नाही तो सोडून द्या. ‘खाली ठेववत नाही’ आणि ‘पैसे पाण्यात’ ही दोन्ही वाक्यं या कामाला निरुपयोगी आहेत.

तक्रारींचा अर्थ

सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे ‘संथ’. त्यामागे निदान तीन वेगळी कारणं असतात. पहिलं, गुन्हा उशिरा घडतो. साडेतीनशे पानांच्या पुस्तकात मृतदेह विसाव्या पानावर सापडणं आणि नव्वदाव्या पानावर सापडणं यात पडणारा फरक वाचकाला लगेच जाणवतो. दुसरं, कथा चार-पाच जणांच्या नजरेतून सांगितलेली असते आणि दर प्रकरणाला नव्याने रुळावं लागतं. तिसरं, आधीच्या भागांची उजळणी फार आहे. हे तिसरं कारण फक्त जुन्या वाचकाला सलतं. नव्या वाचकाची त्यात सोयच असते. मालिकेचे सगळे भाग वाचलेला माणूस ‘तेच तेच पुन्हा सांगितलंय’ म्हणून कंटाळला असेल आणि तुम्ही मालिकेत नवे असाल, तर ती तक्रार तुमच्या हिशेबातून वगळा. पहिली दोन कारणं तुम्ही स्वतः तपासू शकता. ई-पुस्तकाचा नमुना उघडा, नाहीतर ग्रंथालयात पहिली तीन-चार प्रकरणं चाळा. एवढ्यात पुस्तकाचा मुख्य प्रश्न उभा राहिला का आणि निवेदक किती वेळा बदलला, एवढंच बघायचं.

‘खुनी आधीच ओळखला’ ही तक्रार ऐकायला जबर वाटते, पण वजनाला हलकी असते. सहा संशयित असतील तर डोळे मिटून बोट ठेवलं तरी सहांतून एकदा नेम लागतो, आणि शेकडो वाचकांत असे नेम लागलेले कितीतरी निघतात. शिवाय ज्यांचा अंदाज चुकला ते त्याबद्दल क्वचितच लिहितात. म्हणून बघायचं ते हे की वाचकाने नुसतं नाव ओळखलं, की गुन्हा कसा केला आणि का केला हेही. धाग्यांवरून ओळखलं असेल तर लेखकाने खेळ सरळपणे मांडला, असं समजा. ‘ज्याच्यावर सर्वांत कमी संशय येतो तोच, या लेखकाचं नेहमीचंच’ असं कुणी म्हणत असेल, तर ती खरी दुखरी जागा. सहावा-सातवा भाग येईपर्यंत वाचकाला लेखकाचा हात कळलेला असतो. अशी तक्रार तीन-चार जुन्या वाचकांकडून एकमेकांपासून स्वतंत्रपणे आली, तर कोड्यासाठी येणाऱ्याने नवा भाग विकत घेण्याआधी ग्रंथालयातून आणावा.

‘शेवट पटला नाही’ या तीन शब्दांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे फसवणूक: उकलीला लागणारी माहिती वाचकापासून लपवून ठेवली होती. दुसरी म्हणजे नाराजी: उकल चोख आहे, पण जे घडलं ते वाचकाला आवडलं नाही. १९२६ साली आलेल्या ॲगाथा ख्रिस्तींच्या, पॉयरो हा गुप्तहेर असलेल्या एका कादंबरीच्या शेवटावरून नेमका हाच वाद झाला. हा डाव न्याय्य होता की नव्हता, यावर आजही दोन मतं आहेत. (कादंबरीचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. त्यात काहीतरी विलक्षण आहे एवढं कळलं तरी पहिल्यांदा वाचणाऱ्याचा आनंद कमी होतो.) न्याय्य-अन्याय्य ठरवायला इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या दहा नियमांपैकी चार आजही कामाला येतात. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागातच यावा. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही दिसावा. निव्वळ योगायोगाने किंवा कारण न देता आलेल्या अंतःप्रेरणेने उकल होऊ नये. आणि जुळा भाऊ किंवा तोतया आणायचा असेल तर त्याची तयारी आधी केलेली असावी. शेवटावर रागावलेल्या वाचकाची तक्रार या चारांपैकी एकीत बसते का ते बघा. बसली तर तो पुस्तकातला दोष आहे. नाही बसली तर बहुधा ती नाराजी आहे, आणि तुम्हालाही तसंच वाटेल असं नाही.

नाराजीची ताकद कमी लेखू नका, मात्र. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारलं तेव्हा वाचक संतापले ते कथा वाईट होती म्हणून नव्हे, होम्स गेला म्हणून. पुढे १९०१ पासून क्रमशः आलेली कादंबरी डॉयल यांनी होम्सच्या मृत्यूआधीच्या काळात घडवली, आणि १९०३ मध्ये त्याला परत आणलं. आजही एखाद्या भागात लाडक्या सहकाऱ्याचा मृत्यू झाला किंवा गुप्तहेराने नोकरी सोडली, की एक ताऱ्यांची रांग लागते. ते अभिप्राय मनापासून लिहिलेले असतात, पण त्यातून रचनेबद्दल काही कळत नाही. उलट कथेतली ती घटना तिथेच फुटण्याचा धोका असतो, म्हणून एक ताऱ्याचे अभिप्राय शेवटी वाचायचे.

‘आमचा गुप्तहेर बदललाय’ हेही असंच. इथे मालिकेत काळ कसा चालतो ते माहीत हवं. पॉयरो १९२० मध्ये पहिल्यांदा आला तोच निवृत्त पोलीस अधिकारी म्हणून, आणि त्याची शेवटची कथा छापली गेली १९७५ मध्ये. त्याचं वय मोजायला बसलं तर हिशेब लागत नाही. स्यू ग्राफ्टन यांची इंग्रजी अक्षरांवर बेतलेली मालिका १९८२ ते २०१७ चालली, पण तिची नायिका १९८० च्या दशकातच राहिली. याउलट इयन रँकिन यांचा पोलीस अधिकारी रीबस पुस्तकागणिक म्हातारा होतो. ज्या मालिकेत वय वाढतं तिथे बदल अटळ आहे. ‘पहिल्यासारखा राहिला नाही’ ही तिथे तक्रार नसून वर्णन आहे. ज्या मालिकेत काळ थांबलेला आहे तिथे मात्र पात्र अचानक वेगळं वागू लागलं, तर तो बहुधा लेखकाचा हात सुटल्याचा परिणाम असतो. लेखकच बदलला असेल तर हिशेब आणखी वेगळा. स्वीडिश रहस्यकथाकार स्टीग लार्सन २००४ मध्ये वारले आणि त्यांच्या मालिकेचा चौथा भाग २०१५ मध्ये डेव्हिड लागरक्रान्त्स यांनी लिहिला. अशा भागावरचे अभिप्राय वाचताना ‘भाषा जुळत नाही’ आणि ‘कथानक जुळत नाही’ या तक्रारी वेगवेगळ्या मोजा. भाषेतला फरक पन्नास-शंभर पानांत अंगवळणी पडू शकतो. कथानकातली विसंगती शेवटपर्यंत सोबत राहते.

‘खासगी आयुष्यच फार’ म्हणणारे वाचक बहुतेक कोड्यासाठी आलेले असतात. तुम्ही माणसांसाठी वाचत असाल तर हे तुमच्यासाठी कौतुकच समजा.

मालिकेत नवे असाल तर ‘हा माझा पहिलाच भाग’ असं लिहिणारे दोन-तीन वाचक शोधा. त्यांना नाती आणि जुने संदर्भ कळले असतील तर पुस्तक सुटं वाचता येतं. तरी एक धोका उरतो: नंतरच्या भागांत आधीच्या खुन्यांची नावं सहज बोलण्यात येतात, आणि मग मागचे भाग वाचायची मजा जाते.

पंचवीस अभिप्राय नोंदून झाले की वहीत एकच गोष्ट शोधा. एखादा मुद्दा आवडलेल्यांनीही लिहिलाय आणि न आवडलेल्यांनीही, तर तो पुस्तकाचा गुणधर्म आहे आणि तुम्हालाही तो भेटणारच. चार तारे देणारा म्हणतो ‘मधली शंभर पानं रेंगाळली तरी शेवटाने भरून काढलं’, आणि दोन तारे देणारा म्हणतो ‘मधली शंभर पानं ओलांडता आली नाहीत’: दोघं एकच गोष्ट सांगताहेत. एखादा मुद्दा एकाच बाजूला असेल तर तो आवडीनिवडीचा प्रश्न आहे, आणि तिथे तिघांपैकी तुम्ही कोण, यावर उत्तर ठरतं.

तुमचा अभिप्राय

पुस्तक वाचताना शेवटचा सहावा-सातवा हिस्सा उरला की थांबा. एलरी क्वीन या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकद्वयाच्या १९२९ पासूनच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत याच सुमारास कथा थांबवून वाचकाला आव्हान दिलेलं असे: सगळे धागे आता तुमच्या हातात आहेत. तेच इथे करा. संशयिताचं नाव, हेतू आणि निदान तीन धागे कागदावर लिहा, मग पुढे वाचा. ‘आधीच ओळखलं’ म्हणायचा अधिकार या कागदाने मिळतो. शेवटचं पान संपल्याच्या रात्री मात्र लिहू नका. शेवटाचा धक्का किंवा राग ताजा असतो आणि आधीची तीनशे पानं त्याच्याखाली दबून जातात. एक दिवस जाऊ द्या.

पहिल्या वाक्यात तुम्ही किती भाग वाचलेत आणि कशासाठी वाचता ते सांगा. नंतर एक जमलेली गोष्ट, एक बिघडलेली, आणि हा भाग कुणी घ्यावा. दीडशे ते दोनशे शब्द पुरतात. जागा सांगायची तर घटनेने नव्हे, अंतराने सांगा: ‘डॉक्टरच्या कबुलीनंतर वेग जातो’ असं लिहू नका, ‘साधारण निम्म्यानंतर वेग जातो’ असं लिहा.

रहस्य फुटतं ते नाव सांगितल्यानेच असं नाही. ‘शेवटच्या प्रकरणातला धक्का बघाच’ म्हटलं की वाचक प्रत्येक प्रकरणात धक्का शोधत बसतो. ‘अमुक छोटं पात्र लक्षात ठेवा’ म्हटलं की त्या पात्राचं बिंग तिथेच फुटलं. ‘तिसऱ्या भागासारखाच डाव’ या वाक्याने तर दोन पुस्तकं एकदम बिघडतात. मागच्या मलपृष्ठावर जेवढं छापलंय आणि पहिल्या चौथाईत जे उघडपणे घडतं, तेवढंच बोलायचं ही सुरक्षित रेघ. त्यापलीकडचं सांगणं भागच असेल तर पहिल्याच ओळीत इशारा द्या आणि खाली मोकळी जागा सोडून लिहा.

शेवटाने फसवलं असं वाटत असेल, तर तारे देण्याआधी पहिली पन्नास पानं पुन्हा वाचा. खुनी कोण हे माहीत असताना ती वेगळी दिसतात: पहिल्या वाचनात निसटलेलं एखादं वाक्य, चुकीच्या वेळी उघडलेलं दार, कुणीतरी न विचारलेला प्रश्न. धागे सापडले तर तारे बदला आणि का बदलले ते तारखेसह खाली एका ओळीत लिहा. नाही सापडले तर नेमकी कोणती माहिती लपवली होती, ते इशाऱ्याखालच्या जागेत नोंदवा.