छोटी फोर-बाय-फोर, मागे ट्रेलर, पुढे सरहद्द: या चुका टाळा

छोट्या फोर-बाय-फोरला ट्रेलर लावून देशोदेशी फिरायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ओढेल का?" ओढेल हो. लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारे गिअर) टाकली की ही गाडी स्वतःपेक्षा जड वस्तूही जागची हलवते. घोडं पेंड खातं ते कागदांत. लायसन्सवरचं एक अक्षर, गाडीच्या पाटीवरची एक ओळ किंवा ट्रेलरच्या मागचा एक रिफ्लेक्टर चुकला की पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावतात. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं निमित्त मिळतं.

उदाहरणासाठी २०१८ साली आलेली, दीड लिटर इंजिनाची, तीन दारांची सुझुकी जिम्नी घेतो. रस्ते बहुतेक युरोपातले घेतो, कारण तिथे एका दिवसात तीन देश ओलांडता येतात आणि नियमही तीनदा बदलतात.

"७५० किलोपर्यंत ब्रेक लागत नाहीत" हे अर्धवट वाचणे

युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असण्याची सक्ती नाही, हे खरं. पण ती सूट ट्रेलरला आहे, तुमच्या गाडीला नाही. ब्रेक नसलेला ट्रेलर किती वजनाचा चालेल हे गाडी बनवणारी कंपनी ठरवते, आणि जिम्नीसाठी तो आकडा फक्त ३५० किलो आहे. ब्रेकवाला ट्रेलर असेल तर १३०० किलो. यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरायचं. साधा पत्र्याचा ट्रेलर रिकामाच १३० किलोचा असेल, तर सामानाला उरले २२०. त्यात तंबू, पाण्याचे कॅन, फ्रिज आणि दोन जादा चाकं टाकली की संपलं.

हे आकडे शोधायला ब्रोशर नको. युरोपीय संघातल्या नोंदणी प्रमाणपत्रावर रकान्यांचे संकेत सगळीकडे सारखेच आहेत: ओ.१ म्हणजे ब्रेकसह ट्रेलर, ओ.२ म्हणजे ब्रेकविना. भाषा जर्मन असो की पोलिश, रकाना तोच. गाडीच्या चॅसिस नंबरच्या पाटीवरही चार वजनं असतात. पहिलं भरलेल्या गाडीचं कमाल वजन, दुसरं गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, तिसरं आणि चौथं पुढच्या-मागच्या ॲक्सलची. दुसरी ओळ कोरी असेल तर त्या गाडीला ट्रेलर लावायचाच नाही असं समजायचं. बाहेरून आयात केलेली गाडी घेताना ही ओळ आधी बघा, रंग नंतर.

ओढण्याची ताकद मोजणे, वाहण्याची विसरणे

माझ्या मते सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे.

जिम्नीचं स्वतःचं वजन साधारण ११३५ किलो, भरून कमाल १४३५. म्हणजे माणसं, सामान आणि नंतर बसवलेलं सगळं मिळून ३०० किलो. आता बेरीज करू. दोन माणसं १५०. टो-बार (ट्रेलर जोडायचा गाडीमागचा दांडा) २०. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) ६०. झाले २३०. आता ट्रेलर जोडला. त्याचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. थोडा भार टो-बॉलवर (टो-बारच्या टोकाच्या गोळ्यावर) येतो आणि तो गाडीच्या खात्यात जातो. तो धरू ६० किलो. एकूण २९०. उरले दहा किलो, म्हणजे पाण्याचा अर्धा कॅन. टपावर तंबू ठेवायचा विचार असेल तर आणखी एक आकडा: जिम्नीच्या टपाची मर्यादा ३० किलो आहे.

थोडक्यात, १३०० किलोचा ट्रेलर कागदावर बसतो, पण त्याच्याबरोबर गाडीत माणसं आणि हौस दोन्ही बसत नाहीत. जड सामान गाडीतून काढून ट्रेलरमध्ये, ॲक्सलच्या वर ठेवा. आणि निघण्याआधी वजनकाट्यावर गाडी एकटी आणि मग ट्रेलरसह, अशी दोनदा चढवा.

टो-बॉलवरच्या भाराबाबत इंटरनेटवर दोन सल्ले फिरतात. अमेरिकन सल्ला ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के सांगतो, युरोपीय ५ ते ७ टक्के. १००० किलोच्या ट्रेलरला अमेरिकन हिशोब लावला तर किमान १०० किलो होतात, आणि जिम्नीच्या टो-बारची मर्यादा सहसा ७५ असते. म्हणजे सल्ला चांगल्या हेतूने दिलेला आणि तुम्ही बेकायदा. भार मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना दगड लावा, काट्यावर टो-बॉलच्या उंचीचा लाकडी ठोकळा उभा धरा आणि कपलिंग (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) त्यावर टेकवा. पुढचं छोटं चाक वर उचललेलं असू द्या, नाहीतर काटा खोटं सांगतो.

टो-बारच्या पाटीवर डी-मूल्य नावाचा एक आकडा असतो, जोड किती ओढ सोसेल ते सांगणारा. आपल्याला किती लागेल ते असं काढायचं: भरलेली गाडी आणि ट्रेलर यांच्या वजनांचा गुणाकार भागिले बेरीज, गुणिले ९.८१, वजनं टनांत धरायची. १.४३५ आणि १.३ घातले की ६.६९ किलोन्यूटन येतात. टो-बारवरचा आकडा याहून कमी असेल तर पूर्ण १३०० किलो विसरा.

लायसन्सचं एकच अक्षर सगळीकडे चालेल असं धरणे

लायसन्ससाठी ट्रेलरमध्ये आज किती सामान आहे ते कोणी बघत नाही. त्याच्या पाटीवरचं कमाल वजन बघतात. "रिकामाच आहे हो" हे उत्तर चालत नाही.

युरोपीय संघात बी वर्गावर (साध्या कारच्या लायसन्सवर) ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून मोठाही चालतो, पण गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन ३५०० किलोच्या आत हवं. जिम्नीवाल्याला इथे काळजी नाही: १४३५ अधिक १३०० म्हणजे २७३५. ब्रिटनमध्ये तर १६ डिसेंबर २०२१ पासून बी वर्गावर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर वेगळी परीक्षा न देता ओढता येतो, अर्थात गाडीची परवानगी असेल तितकाच.

मेख पुढे आहे. १९६८ च्या रस्ते वाहतुकीच्या व्हिएन्ना करारातल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर बी वर्गाची व्याख्या जास्त कडक आहे. ७५० किलोहून मोठा ट्रेलर असेल तर त्याचं कमाल वजन गाडीच्या रिकाम्या वजनाहून जास्त नको. जिम्नी ११३५ ची आणि ट्रेलरच्या पाटीवर १३००? मग बीई (कारला जड ट्रेलर लावायचा वर्ग) हवा. युरोपीय संघाने ही अट २०१३ पासून लागू झालेल्या नियमांत काढून टाकली, म्हणून तिथे फिरलेल्यांना ती आठवतही नाही. संघाबाहेर पडणार असाल तर ट्रेलर बनवणाऱ्याकडून पाटीवरचं कमाल वजन कमी करून घेणं हा सोपा मार्ग. क्षमता थोडी जाते, डोकेदुखी पूर्ण जाते.

ट्रेलरला गाडीची शेपटी समजणे

सरहद्दीवर ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. फ्रान्समध्ये ५०० किलोपर्यंतच्या ट्रेलरला गाडीचाच नंबर चालतो, त्यापुढे स्वतःची नोंदणी लागते. नेदरलँड्समध्ये ही रेषा ७५० किलोवर आहे. ब्रिटनमध्ये खाजगी ट्रेलर गाडीच्या नंबरावर चालतात, पण २८ मार्च २०१९ पासून व्हिएन्ना कराराच्या देशांत जाणाऱ्या, ७५० किलोवरच्या व्यावसायिक ट्रेलरला नोंदणी बंधनकारक आहे. खाजगी वापरासाठी ती ऐच्छिक आहे. तरी करून घ्या. सगळीकडे नोंदणी असते असं मानणाऱ्या पोलिसाला "आमच्याकडे लागत नाही" हे परक्या भाषेत पटवण्यापेक्षा कागद पुढे करणं स्वस्त पडतं.

ट्रेलरच्या मागे नंबर आणि देशाचं चिन्ह दोन्ही हवं. ब्रिटिश गाड्यांचं 'जीबी' २८ सप्टेंबर २०२१ ला जाऊन 'यूके' आलं. ट्रेलरवर जुना स्टिकर तसाच राहतो, कारण तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. काही देश ट्रेलरसाठी वेगळं ग्रीन कार्ड (परदेशात चालणारा विम्याचा पुरावा) मागतात, तेव्हा विमा कंपनीकडून दोन्ही मागून घ्या. स्वित्झर्लंडच्या मोटरवेवर ट्रेलरला वेगळा ४० फ्रँकचा विन्येट (टोलचा परवाना) लागतो, शेजारच्या ऑस्ट्रियात लागत नाही. आणि कार्ने (वाहन तात्पुरतं आत नेण्याचा कस्टम्सचा कागद) लागणाऱ्या देशांत जायचं असेल तर ट्रेलरसाठी स्वतंत्र कार्ने काढावं लागतं. गाडीच्या कार्नेवर ट्रेलर आत गेला तरी बाहेर येताना वरातीमागून घोडं नाचवावं लागेल.

जाता जाता: युरोपात २०२१ पासून जिम्नी दोन आसनी मालवाहू वाहन म्हणूनही विकली गेली. अशा गाडीने धंद्यासाठी ट्रेलरमधून माल नेत असाल तर जर्मनीत रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रात्री दहापर्यंत बंदी आहे. सहलीला निघालेल्याला ती लागू नाही.

बॉल, केबल आणि दिवे

युरोपीय टो-बॉल ५० मिलिमीटरचा. अमेरिकन दोन इंची बॉल ५०.८ चा. नजरेला फरक कळत नाही, पण दोन इंचाचं कपलिंग ५० च्या बॉलवर सैल बसतं आणि उलट केलं तर अडकतं. आकडा बॉलवरच कोरलेला असतो, तो वाचा.

ब्रेकवाल्या ट्रेलरला एक बारीक केबल असते. कपलिंग सुटलं तर ती ट्रेलरचा हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. बरेच जण ती बॉलच्या मानेभोवती अडकवतात. नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये हे चालत नाही. गाडीच्या बाजूला वेगळी कडी हवी. केबल पुढच्या छोट्या चाकाला गुंडाळली गेली असेल तर पहिल्याच वळणावर ब्रेक ओढला जातो, आणि लोक इंजिनाला दोष देत बसतात.

अमेरिकन ट्रेलरमध्ये ब्रेकचा लाल दिवाच इंडिकेटर म्हणून लुकलुकतो. युरोपात इंडिकेटर पिवळाच हवा, आणि मागे दोन लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर.

वेगाची पाटी आपल्यासाठी नसते

ट्रेलर असला की बहुतेक देशांत मर्यादा वेगळी असते. जर्मनीत ८० (१०० साठी वेगळी मंजुरी लागते, त्यात टायर सहा वर्षांच्या आतले हवेत), इटलीच्या मोटरवेवर ८०, नेदरलँड्समध्ये ९०, स्वित्झर्लंडच्या मोटरवेवर २०२१ पासून १००. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ताशी ६० मैल, आणि तीन किंवा जास्त लेन असतील तर सगळ्यात उजवी लेन वर्ज्य. नॉर्वेत ब्रेक नसलेला ट्रेलर प्रत्यक्षात ३०० किलोहून जड असेल तर फक्त ६०. जिम्नीवाल्याचा पूर्ण भरलेला छोटा ट्रेलर नेमका याच खाचेत पडतो.

फोर-बाय-फोर म्हणून होणाऱ्या चुका

कॅम्पसाइटवर ट्रेलर मागे घेताना ताबा राहावा म्हणून लोक लो रेंज टाकतात. खडीवर, गवतावर ठीक. कोरड्या डांबरावर नको. या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरेन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, तो फरक कुठे जिरत नाही आणि ट्रान्सफर केसमध्ये (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या डब्यात) पीळ भरतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी धक्के देते. तसं झालं तर थोडं सरळ मागे-पुढे करा आणि टू-व्हीलमध्ये या.

गाडी उंच केली असेल तर टो-बॉलही उंच गेला. युरोपात भरलेल्या गाडीचा बॉल जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटरवर हवा. ऑफ-रोड वर्गातल्या गाड्यांना यातून सूट आहे, पण सूट मिळाली म्हणून ट्रेलरचं नाक वर व्हायचं थांबत नाही. नाक वर, बॉलवरचा भार कमी, आणि ट्रेलर ८० वर नागासारखा डुलायला लागतो. जिम्नीचा व्हीलबेस जेमतेम २२५० मिलिमीटर, त्यामुळे शेपटी गाडीलाही हलवते. अशा वेळी पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक दाबू नका. वेग उतरला की डुलणं थांबतं. मग थांबून सामान पुढे सरकवा.

वाटेत काही बिघडलं तर

डावा इंडिकेटर लावला आणि मागचे सगळे दिवे मंद लुकलुकले, तर बल्ब बदलत बसू नका. अर्थिंग गेलंय. सात पिनांच्या सॉकेटमध्ये ती तिसरी पिन, पांढरी वायर. चिखलातून आल्यावर हिरवट गंज नेमका तिथेच धरतो. पिन घासा, वायर जिथे चॅसिसला बोल्टने लावलीय तिथला रंग खरवडा. तेरा पिनांच्या ट्रेलरला सात पिनांचा ॲडॅप्टर लावला असेल तर रिव्हर्सचा दिवा लागणारच नाही. तो बिघाड नव्हे.

निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर थांबून ट्रेलरच्या दोन्ही हबांजवळ (चाकांच्या मध्यभागाजवळ) हाताचा पालथा तळवा न्या. दोन्ही कोमट असतील तर चला. एक गार आणि एक चटका देणारं असेल तर त्या बाजूचा ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग चाललंय; पुढच्या गावापर्यंत "बघू" म्हणून ओढू नका. ५० किलोमीटरवर चाकांचे नट पुन्हा एकदा पान्याने आवळून बघा, विशेषतः चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर.