जुना लेथ: निगा कशी राखावी आणि सुटे भाग कसे मिळवावेत

हरिहरला १९४१ साली सुरू झालेला मैसूर किर्लोस्करचा कारखाना बंद पडून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तिथे घडलेले एंटरप्राइज आणि टर्नमास्टर लेथ (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवून टूलने कापणारी यंत्रे) कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, इचलकरंजीत आणि भोसरीच्या गाळ्यांमध्ये आजही रोजचे काम देत आहेत. १९५३ साली स्थापन झालेल्या एचएमटीच्या (हिंदुस्थान मशीन टूल्स) एच-२२ लेथचीही तीच गोष्ट आहे. हे लेथ जाड बिडाचे आहेत आणि त्यांची वीण अशी आहे की जवळजवळ प्रत्येक भाग खोलता, मोजता आणि पुन्हा करता येतो. म्हणून केवळ एक नट किंवा गिअर मिळत नाही एवढ्यावरून असा लेथ भंगाराच्या भावाने जाताना पाहिला की मनापासून वाईट वाटते. जुन्या लेथचा भाग नावाने शोधू नये, मापाने शोधावा आणि शोधायला निघण्यापूर्वी तो खरोखरच गेला आहे का, याची खात्री करून घ्यावी, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

लेथ ताब्यात आला की सर्वांत आधी एक वही करावी. नेमप्लेटवरचा मजकूर तिच्यात जसाच्या तसा उतरवून घ्यावा. प्लेट निघून गेली असेल तर बेडचे (लेथच्या लांब बिडाच्या पायाचे) टेलस्टॉककडचे, म्हणजे जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाकडचे, टोक रॉकेलने पुसून पाहावे, कारण पुष्कळ लेथवर अनुक्रमांक तिथे ठोकलेला असतो. त्यानंतर सेंटरची (जॉब ज्या दोन टोकांमध्ये धरतात त्यांची) उंची, दोन सेंटरमधले अंतर, स्पिंडलचे (जॉब फिरवणाऱ्या दांड्याचे) भोक, स्पिंडलच्या नाकाचा प्रकार आणि आटे पाडताना टूल सरकवणाऱ्या लीड स्क्रूचा पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) मोजून लिहून ठेवावा. चेंज गिअरचे (वेगवेगळ्या पिचचे आटे पाडण्यासाठी बदलायच्या गिअरचे) दात मोजून त्यांचीही यादी करावी. नुसते ‘जुन्या किर्लोस्करचा नट द्या’ असे म्हटले तर व्यापारी त्याच्याकडे असेल तो नट काढून देतो, माप सांगितले तर मात्र निदान नाही म्हणण्याइतका विचार करतो.

साफसफाई आणि तेल

मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवल्याशिवाय कोणतेही झाकण उघडू नये. साफसफाईसाठी रॉकेल, ब्रश आणि कॉटन वेस्ट पुरेसे आहे. कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नये, कारण त्या हवेने बिडाची बारीक पूड सॅडलच्या (बेडवर सरकणाऱ्या, टूल वाहणाऱ्या भागाच्या) वायपरखाली, म्हणजे बेड पुसणाऱ्या पट्टीखाली, शिरते आणि पुढे महिनोन्महिने बेड घासत राहते. सॅडलच्या दोन्ही टोकांचे वायपर काढून पाहावेत. त्यातला नमदा दगडासारखा कडक झालेला असेल तर नवा नमदा कापून, तेलात भिजवून बसवावा. या कामाला अर्धा तासही लागत नाही आणि बेडचे आयुष्य वाढवणारा याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

तेलाच्या बाबतीत दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे तेलाच्या निप्पलमध्ये ग्रीस भरणे. एका लेथचा एप्रन (सॅडलच्या पुढे खाली असलेली गिअरची पेटी) मी खोलला तेव्हा तेलाच्या सगळ्या वाटा जुन्या, काळ्या ग्रीसने मेणासारख्या बुजलेल्या होत्या. आतला वर्म गिअर कोरडाच फिरत होता आणि ग्रीसमध्ये रुतलेले लोखंडाचे कण त्याला कानशीसारखे खात होते. दुसरी चूक म्हणजे गाडीचे इंजिन ऑइल हेडस्टॉकमध्ये, म्हणजे स्पिंडल असलेल्या पेटीत, ओतणे. इंजिन ऑइलमधली रसायने मळ तेलातच तरंगत ठेवतात, कारण इंजिनाला फिल्टर असतो. ज्या हेडस्टॉकला फिल्टर नाही तिथे मळ तळाशी बसणेच चांगले. गिअर आणि रोलर बेअरिंग असलेल्या हेडस्टॉकला साधारणपणे ४६ किंवा ६८ ग्रेडचे हायड्रॉलिक ऑइल आणि बेड, सॅडल व स्लाइडला ६८ ग्रेडचे स्लाइडवे ऑइल चालते. स्पिंडल ब्राँझच्या बुशमध्ये फिरत असेल तर मात्र याहून पातळ तेल लागते. मशीनची मूळ पुस्तिका हाती असेल तर अर्थातच तिचेच ऐकावे.

लेव्हल

जॉब टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक) येऊ लागला की टर्नर बेडला किंवा हेडस्टॉकला दोष देतो. पुष्कळदा बेडला फक्त पीळ पडलेला असतो, कारण लेथ हलवल्यावर चारही पाय सारखे टेकवलेले नसतात. मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी लेव्हल बेडवर आडवी ठेवून आधी हेडस्टॉकपाशी आणि मग टेलस्टॉकच्या टोकाला पाहावे. दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी आला पाहिजे. त्यानंतर चकमध्ये (स्पिंडलवरच्या, जॉब पकडणाऱ्या जबड्यांत) जाड गज धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, साधारण १५० मिलिमीटर अंतरावर दोन कॉलर (कड्यासारखे पट्टे) एकाच सेटिंगवर हलका कट घेऊन टर्न कराव्यात आणि मायक्रोमीटरने मोजाव्यात. बाहेरच्या टोकाची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडचा पुढचा, म्हणजे टर्नरच्या बाजूचा पाय किंचित उचलावा आणि लहान आली तर किंचित उतरवावा. एका वेळी बोल्ट अगदी थोडा फिरवावा आणि पुन्हा कट घेऊन पाहावे.

लेव्हल बरोबर असूनही चकजवळचा व्यास मोठा येत असेल तर ती बेडची झीज समजावी. बहुतेक काम चकजवळच होत असल्याने बेड तिथेच जास्त झिजतो आणि पुढची बाजू खाली बसली की टूल जॉबपासून दूर झुकते. डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) कॅरेजवर, म्हणजे सॅडल-एप्रनच्या जोडीवर, बसवून तिचे टोक टेलस्टॉकच्या सपाट पट्टीवर टेकवावे आणि कॅरेज सरकवत न्यावे, म्हणजे कुठे किती खळगा आहे ते दिसते. बेड ग्राइंडिंग करून घेता येते, पण बेड जेवढा घासला जाईल तेवढा सॅडल आणि त्याबरोबर एप्रन खाली येतो. मग लीड स्क्रू आणि फीड रॉड (साध्या कटासाठी कॅरेज चालवणारा दांडा) एप्रनच्या भोकांशी जुळत नाहीत. म्हणून ग्राइंडिंगसोबत सॅडलखाली टर्साइटची (कमी घर्षणाच्या प्लॅस्टिकची) पट्टी चिकटवून उंची भरून काढण्याचा खर्चही धरला पाहिजे. जो कारागीर ग्राइंडिंगचा दर सांगतो आणि या उंचीबद्दल काहीच विचारत नाही, त्याच्याकडे बेड देऊ नये.

क्रॉस स्लाइडचा नट

टूल जॉबकडे आडवे पुढे-मागे नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचा स्क्रू ज्यात फिरतो तो हा नट, आणि सर्वांत जास्त शोधला जाणारा भाग हाच. हँडल पाव फेरा रिकामे फिरते, मग स्लाइड हलते आणि मालक नटाच्या शोधात निघतो. त्याआधी डायल गेज हँडलच्या तोंडाला लावावी, हँडल स्थिर धरावे आणि स्लाइड हाताने पुढे-मागे ढकलावी. हँडलचे तोंड आत-बाहेर होत असेल तर नुकसान नटाचे नसून स्क्रूच्या कॉलरचे किंवा तिथल्या थ्रस्ट बेअरिंगचे आहे. तिथला चेक नट आवळून किंवा एक पातळ वॉशर घालून निम्मा प्ले (रिकामी फिरत) जागेवरच कमी होतो. दहा-वीस शतांश मिलिमीटर रिकामी फिरत जुन्या लेथवर सहज चालते, कारण आटे पाडताना किंवा माप घेताना चांगला टर्नर हँडल नेहमी एकाच दिशेने आणतो. ती अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली की नट बदलावा.

इथे माझी एक फसगत सांगितली पाहिजे. एका व्यापाऱ्याकडून मी अगदी तसाच दिसणारा, डाव्या आट्यांचा नट आणला. स्क्रूवर तो तीन फेरे लोण्यासारखा गेला आणि मग असा अडकला की उलटा काढतानाही हात दुखला. स्क्रू इंचाला पाच आट्यांचा होता आणि नट पाच मिलिमीटर पिचचा. इंचाला पाच म्हणजे पिच ५.०८ मिलिमीटर. एका आट्याला फरक फक्त ०.०८, पण ४० मिलिमीटर लांबीच्या नटात आठ आट्यांचा फरक साचून ०.६४ होतो. तेव्हापासून मी कधीही एका आट्यावरून पिच ठरवत नाही, दहा आट्यांवर व्हर्निअर लावतो. ५० आले तर मिलिमीटरचा, ५०.८ आले तर इंचाचा. आट्यांचा कोनही पाहावा, कारण इंची ॲक्मे आट्याचा कोन २९ अंश आणि मेट्रिक ट्रॅपिझॉइडल आट्याचा ३० अंश असतो.

नट नवा करणे हा तयार नट शोधण्यापेक्षा बहुतेक वेळा सोपा मार्ग आहे. धातू फॉस्फर ब्राँझ किंवा चांगले गनमेटल घ्यावे. पितळ लवकर झिजते. स्क्रूचा जो टोकाचा भाग नटात कधी गेलेलाच नाही, त्यावरून आट्याचे मूळ माप घ्यावे. मधला भाग झिजलेला असतो आणि त्याला घट्ट बसणारा नट केला तर तो दोन्ही टोकांना अडकतो. झीज फार असेल तर स्क्रू आणि नट दोन्ही करावे लागतात. नवा नट याच लेथवर करायचा असेल तर जुना नट काढण्यापूर्वीच तो करून ठेवावा. हे सांगायची गरज वाटू नये, पण नट काढून टेबलावर ठेवल्यानंतर ज्यांच्या लक्षात आले असे दोन गाळे मला माहीत आहेत.

बेअरिंग आणि गिअर

बेअरिंगची चिंता त्यामानाने कमी, कारण त्यांची मापे जगभर ठरलेली आहेत. जुन्या बेअरिंगवरचा क्रमांक वाचावा. तो पुसला गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजून क्रमांक काढता येतो. स्पिंडलला साधी बेअरिंग न घालता पी-५ सारख्या अचूक श्रेणीची मागावीत. नामांकित कंपन्यांच्या डब्यांत नकली माल बाजारात असतो, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावरच घ्यावे. मात्र बेअरिंग बदलण्याआधी स्पिंडलवर डायल गेज लावून चकखालून लाकडी दांड्याने उचलून पाहावे. हालचाल दोन-तीन शतांशांहून जास्त दिसली तर पहिला उपाय म्हणजे टेपर रोलर बेअरिंगचा ॲडजस्टिंग नट आवळणे. आवळल्यावर लेथ मध्यम स्पीडवर तासभर रिकामा चालवून हेडस्टॉकवर बेअरिंगपाशी हात ठेवावा. हात ठेवता येत नसेल तर नट जास्त आवळला गेला आहे.

गिअरमध्ये घोटाळा मॉड्यूल (मेट्रिक गिअरच्या दातांचे माप) आणि डीपी (डायमेट्रल पिच, इंची गिअरच्या दातांचे माप) यांचा होतो. बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून त्याला दातांच्या संख्येत दोन मिळवून आलेल्या आकड्याने भागावे. ४० दातांच्या गिअरचा व्यास १०५ आला तर ४२ ने भागून मॉड्यूल २.५ मिळते. तोच १०६.६८ आला तर भागाकार २.५४ येतो आणि तो गिअर दहा डीपीचा, म्हणजे इंची असतो. दोघांत दीड-पावणेदोन मिलिमीटरचाच फरक असल्याने झिजलेल्या दातांवर फसायला होते, म्हणून एकाऐवजी तीन-चार गिअर मोजावेत. प्रेशर अँगल (दाताच्या बाजूचा कोन) साडेचौदा अंशांचा की वीस अंशांचा, हे गिअर कापणाऱ्याला नमुना दाखवूनच ठरवू द्यावे. लीड स्क्रूची शिअर पिन तुटली तर तिच्या जागी टणक पोलादाची पिन किंवा खिळा घालू नये, कारण गिअर वाचवण्यासाठी तुटणे हेच तिचे काम आहे. साध्या टर्निंगसाठी फीड रॉड वापरावा आणि हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा दोन अर्ध्यांचा नट) फक्त आटे पाडण्यासाठी राखून ठेवावा.

जे मिळत नाही ते ओतून घेणे

हँडव्हील, ब्रॅकेट, गिअरचे कव्हर असे बिडाचे भाग तुटले की ओतून घेता येतात आणि याबाबतीत कोल्हापूरच्या फौंड्र्या आपल्या फार जवळ आहेत. तुटलेला भाग जोडून तोच पॅटर्न (साचा करण्यासाठीचा नमुना) म्हणून देता येतो, पण बीड थंड होताना शंभराला एक मिलिमीटरच्या आसपास आकसते, हे विसरू नये. २०० मिलिमीटरचे हँडव्हील जसेच्या तसे ओतले तर ते दोन मिलिमीटर लहान येईल. म्हणून पॅटर्नवर पुट्टी किंवा पत्रा चढवून आकसणे भरून काढावे आणि जिथे मशीनिंग करायचे आहे तिथे आणखी तीन मिलिमीटर तरी ठेवावेत. एका नगासाठी फौंड्री सहसा नकार देते. ओळखीच्या दोन-तीन गाळ्यांनी मिळून चार-पाच नगांची ऑर्डर दिली तर काम होते आणि उरलेले नग पडून राहत नाहीत.

बाजारात फिरायचे असेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी इथे बेअरिंग, बेल्ट, चक आणि कटिंग टूल मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात स्टेडी रेस्ट (लांब जॉबला मध्ये आधार देणारा भाग) किंवा चकचे सुटे जॉ (जबडे) कधीमधी हाती लागतात. जॉ घेताना तिन्हींवरचे अनुक्रमांक पाहावेत, कारण एक, दोन, तीन असा पूर्ण संच नसेल तर ते स्क्रोलमध्ये (चकमधल्या, जॉ सरकवणाऱ्या चकतीत) बरोबर बसत नाहीत. व्ही बेल्ट एकाऐवजी पूर्ण संच बदलावा.

यापेक्षाही चांगला मार्ग म्हणजे त्याच मॉडेलचा, बेड मोडलेला किंवा मोटर नसलेला लेथ भंगारात जाताना विकत घेणे. असा लेथ मिळाला तर सर्वांत आधी १२७ दातांचा गिअर ताब्यात घ्यावा. पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर, त्यामुळे इंची लीड स्क्रूवर अचूक मेट्रिक आटे किंवा मेट्रिक लीड स्क्रूवर अचूक इंची आटे पाडायचे तर हाच गिअर लागतो आणि लेथ विकताना हरवणारा पहिला भागही तोच असतो. त्यामागून बाकीचे चेंज गिअर, चकची बॅकप्लेट, स्टेडी आणि फॉलोअर रेस्ट, टेलस्टॉक आणि एप्रन या क्रमाने काढावेत. प्रत्येक भागाला तेल लावून, कागदात गुंडाळून, वर मशीनचा अनुक्रमांक लिहून ठेवावा. बेड आणि लेग भंगारवाल्याला परत विकले तर खरेदीचा बराचसा पैसा वसूल होतो.