लिनक्सवर लॉगिंग टाकताय? या चुका टाळा, आमच्या करून झाल्यात

अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीचे सर्व्हर बघतो मी. मागच्या पावसाळ्यात रात्री लाईट गेली, यूपीएसनेही हात टेकले, सकाळी मशीन चालू करून रात्री काय झालं ते बघायला जर्नलसीटीएल (सिस्टीमचे लॉग म्हणजे नोंदी दाखवणारी कमांड) मारलं तर सगळा हिशोब सकाळपासूनचाच! कारण काय, तर वार-लॉगमधे (/var/log, लॉगचं ठरलेलं फोल्डर) जर्नल नावाचं फोल्डरच नव्हतं. जर्नलडीचं (लॉग जमवणारा प्रोग्राम) स्टोरेज सेटिंग ऑटो असेल तर ते फोल्डर असलं तरच डिस्कवर लिहितो, नाहीतर रॅममधे, आणि रीबूट झालं की सगळं साफ. सेटिंग पर्सिस्टंट करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा, दोन मिनिटांचं काम आहे.

डेबियन 12 लिनक्स टाकल्यावर "सिसलॉग फाईल कुठे गेली" म्हणून शोधत बसू नका, 2023 च्या त्या व्हर्जनपासून आरसिसलॉग (लॉग साध्या टेक्स्ट फाईलमधे लिहिणारा प्रोग्राम, सिसलॉग फाईल तोच बनवतो) आपोआप येत नाही. हवा तर ॲप्टने (पॅकेज टाकायची कमांड) टाका.

आता खरी डोकेदुखी, लॉगरोटेट, म्हणजे जुना लॉग बाजूला करून नवी फाईल सुरू करणारा प्रोग्राम. आरसिसलॉगचं पॅकेज स्वतःचा नियम घेऊन येतं, तिथे सहसा काही बिघडत नाही, गडबड होते ती आपल्या ॲपसाठी आपण घाईत लिहिलेल्या नियमात. लॉगरोटेट फाईलचं फक्त नाव बदलतो, पण ॲपने ती उघडीच धरलेली असते, त्यामुळे ते जुन्याच फाईलमधे लिहीत राहतं. मग डिस्क भरली म्हणून कुणीतरी ती फाईल आरएमने उडवतो आणि तरी जागा सुटत नाही, डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतो शंभर टक्के, डीयू (दिसणाऱ्या फाईलींची बेरीज) म्हणतो काहीच नाही, आणि आपण येड्यासारखं दोघांकडे बघत बसतो. अशा वेळी एलएसओएफला (उघड्या फाईली दाखवणारी कमांड) प्लस एल वन (+L1) देऊन बघा, डिलीट झालेली पण अजून उघडी असलेली फाईल दिसेल, ती धरून बसलेली सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा मोकळी. कायमचा उपाय म्हणजे पोस्टरोटेटमधे (नियमातला, नाव बदलून झाल्यावर चालणारा भाग) ॲपला सिग्नल देऊन फाईल परत उघडायला लावणं. कॉपीट्रंकेट (फाईलची कॉपी काढून मूळ फाईल रिकामी करणं) पण चालतं, पण कॉपी आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी जाऊ शकतात, बिलिंगच्या लॉगला मी ते लावत नाही.

दुसऱ्या मशीनवर लॉग पाठवताना आरसिसलॉगमधे एक ॲट (@) म्हणजे यूडीपी (पोचलं का ते न बघता पाठवणं), दोन ॲट (@@) म्हणजे टीसीपी (पोच घेऊन पाठवणं). आमच्याकडे फायरवॉलमधे 514 हा लॉगचा पोर्ट उघडला टीसीपीसाठी आणि कॉन्फिगमधे ॲट एकच, यूडीपी काही तक्रार करत नाही, आठवडाभर कुणाला पत्ता नाही 😅 म्हणून आधी आरसिसलॉगडीला वजा एन वन (-N1) देऊन कॉन्फिग तपासा, मग लॉगर कमांडने एक मेसेज सोडा आणि तो पलीकडे पोचला का ते स्वतः बघा.

आणि हो, टाइमझोन. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) असेल तर सकाळी 11 ची तक्रार लॉगमधे साडेपाचला सापडते. झोन बदललात तर आरसिसलॉग पण रीस्टार्ट करा, नाहीतर तो जुन्याच वेळेने लिहीत बसतो.